हवामान केंद्राला कॉम्प्युटर कशाला हवा?

गच्चीवर हवामान केंद्र आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मग कॉम्प्युटर दिवसरात्र चालू ठेवता का?" नाही ठेवत. घरात एकच जुना डेस्कटॉप आहे, त्यावर हिची लाईट-गॅसची बिलं आणि बँकेची कामं होतात, एरवी तो बंद. गच्चीवरचे आकडे मात्र दर पाच मिनिटांनी नेटवर जातात. आम्ही गावाला असलो तरी जातात.

मी ऐरोलीत राहतो, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, सर्वात वरच्या मजल्यावर. अख्खी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट खात्यात गेली. तिथे एक गोष्ट अंगात मुरली: कंट्रोल रूममधला पडदा बंद पडला तरी फील्डवरचा ट्रान्समीटर, म्हणजे जागेवर मोजून आकडा पाठवणारं यंत्र, आपलं काम करत राहिला पाहिजे. घरच्या केंद्रात बरेच जण नेमकं उलटं करतात. सेन्सर बिचारे वर्षानुवर्षं टिकतात, आणि सगळा डोलारा उभा असतो हॉलमधल्या पीसीवर. त्याने मध्यरात्री अपडेट घेतलं आणि रिस्टार्ट झाला, की सकाळी आलेखात खड्डा. तोही नेमका मुसळधार पावसाच्या रात्री.

विजेचा हिशेब तर विचारूच नका. साधा डेस्कटॉप ६० वॅट खातो असं धरलं तरी महिन्याला ४३ युनिट होतात. कशासाठी, तर तापमान, आर्द्रता, दाब आणि पाऊस असे चार आकडे पुढे ढकलायला! रास्पबेरी पाय हा चिमुकला बोर्ड कमी वीज खातो, मान्य. पण तोही शेवटी एक कॉम्प्युटरच. लाईट अचानक गेली की त्याचं मेमरी कार्ड खराब होण्याची धास्ती असते, म्हणजे पुन्हा एका यंत्राची देखभाल आलीच.

माझ्याकडे हे काम ईएसपी३२ नावाची चिप करते. बोर्ड काडेपेटीहून फार मोठा नाही, वायफाय त्यातच आहे, किंमत काही शे रुपये. सरासरी अर्धा वॅट धरा, म्हणजे महिन्याला अर्ध्या युनिटच्या आत. आणि चोवीस तास चालणारा कॉम्प्युटर घरात असलाच पाहिजे असा हट्ट असेल, तर तो आधीच आहे: राउटर. बिल भरतोच आहोत त्याचं.

आता "ऑनलाइन" म्हणजे काय, तेही सांगतो. अनेकांना वाटतं, आपलं वेबपेज घरातून दाखवायचं आणि लोकांनी तिथे येऊन बघायचं. घरगुती ब्रॉडबँडवर हे सहसा जमत नाही, कारण अनेक गिऱ्हाइकं मिळून एकच पब्लिक आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, वापरत असतात, बाहेरून तुमच्या घरापर्यंत सरळ वाटच नसते. म्हणून दिशा उलटी करायची. कोणी आत यायचं नाही, आपणच आकडे बाहेर पाठवायचे. चिप एक लांबलचक वेबपत्ता तयार करते, त्यातच स्टेशनचं नाव, किल्ली, वेळ आणि आकडे भरते आणि तो पत्ता उघडते. झालं काम. वेदर अंडरग्राउंड या घरगुती केंद्रांचे आकडे दाखवणाऱ्या साइटला असंच पाठवावं लागतं, फक्त तापमान फॅरनहाइटमध्ये, पाऊस इंचात आणि वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. थिंगस्पीक या आकडे साठवून आलेख काढणाऱ्या साइटला एकक कुठलंही चालतं. एका चॅनलमध्ये आठ रकाने मिळतात, फुकट खात्याला दोन नोंदींत १५ सेकंदांचं अंतर ठेवावं लागतं. आपल्याला पाच मिनिटांचं पुरे आहे. आलेख काढणं, साठवणं, मोबाईलवर दाखवणं, हे सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर होतं.

नेट बंद पडलं तर? एका नोंदीला २० बाइट धरल्या, तर दिवसाच्या २८८ नोंदी म्हणजे ५,७६० बाइट. चिपच्या स्वतःच्या मेमरीतला एक एमबी राखून ठेवला की जवळजवळ सहा महिन्यांचा माल मावतो. नेट आलं की साठलेल्या नोंदी मूळ वेळेसकट गठ्ठ्याने थिंगस्पीकला जातात. आलेखात खड्डा पडला तरी मागाहून भरून निघतो.

वीज वर कशी नेली, हे इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी जरूर वाचावं. ५ व्होल्ट लांब वायरने गच्चीवर पाठवले तर पोचेपर्यंत गळतात आणि वायफाय सुरू होताना चिप दचकून रिसेट होते. म्हणून खालून १२ व्होल्ट वर पाठवतो आणि वरच्या डब्यात छोट्या कन्व्हर्टरने ५ करतो. हे १२ व्होल्ट राउटरच्याच मिनी यूपीएसमधून येतात, त्यामुळे लाईट गेली तरी दोघंही जागे. शिवाय चिपमध्ये वॉचडॉग चालू ठेवलाय. प्रोग्रॅम कुठे अडकलाच तर तो स्वतःच रिस्टार्ट होतो, कोणी गच्चीवर जायचं कारण नाही.

डबा बसवताना सेक्रेटरी वर आले होते. "काका, हे टॉवरचं काही नाही ना? नाहीतर मीटिंगमध्ये तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल." त्यांना म्हटलं, यातून जे निघतं तेच तुमच्या घरातल्या वायफायमधून निघतं. आता पावसात रोज सकाळी "किती झाला?" म्हणून पहिला मेसेज त्यांचाच असतो.

सेन्सर घेताना एक सांभाळा. बाजारात तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारा बीएमई२८० म्हणून पुष्कळदा बीएमपी२८० हातात पडतो. दिसायला सारखाच, पण त्याला आर्द्रता कळत नाही. चिपचा आयडी वाचून बघायचा: हेक्समध्ये ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. सेन्सरवर ऊन थेट पडता कामा नये. कुंडीखालच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा मध्ये फटी ठेवून एकावर एक रचल्या की झकास आडोसा होतो. तोही स्लॅबपासून उंच हवा, नाहीतर मे महिन्यात हवेऐवजी स्लॅबचं तापमान मोजत बसाल. दाब समुद्रसपाटीला आणायचा तर दर साडेआठ मीटर उंचीला साधारण १ हेक्टोपास्कल वाढवायचा, आमच्या भाषेत मिलिबार. वारा मी मोजत नाही. त्याचं मोजमाप मोकळ्या मैदानात १० मीटर उंचीवर व्हायला हवं, आणि कठड्याला आपटून फिरणाऱ्या वाऱ्याचा आकडा लोकांना दाखवण्यापेक्षा तो रकाना रिकामा बरा.

खरी मजा पर्जन्यमापकात आहे. आत सी-सॉसारख्या दोन वाट्या असतात. एक भरली की कलंडते, चुंबक रीड स्विचवरून (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जातो आणि एक ठोका मोजला जातो. माझ्या नरसाळ्याचं तोंड १६ सेंटीमीटरचं आहे, म्हणजे क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटीमीटर. ०.२ मिलिमीटरला एक ठोका, म्हणजे ४ मिलिलिटर पाणी. तपासायला मेडिकलमधून सलाइनचा सेट आणायचा, २०१ मिलिलिटर पाणी थेंबथेंब सोडायचं आणि ५० ठोके येतात का बघायचं. कमी-जास्त आले तर वाट्यांखालचे स्क्रू फिरवायचे. स्विच एका ठोक्याला दोनदा वाजतो, म्हणून एका ठोक्यानंतर अर्धा सेकंद काहीच मोजायचं नाही. पाऊस हातचा जाईल अशी भीती नको. तासाला १२० मिलिमीटरने कोसळला तरी दोन ठोक्यांत सहा सेकंद असतात. नरसाळ्यावर जाळी मात्र हवीच. नवी मुंबईतली कबुतरं कशालाच सोडत नाहीत.

आकडे पेपरशी जुळत नाहीत अशी तक्रार असते, त्याचं कारण बहुधा घड्याळ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. समजा, रात्री दहा ते पहाटे चार पाऊस झाला, बाराच्या आधी ४० आणि नंतर ४५. मध्यरात्रीला शून्य करणाऱ्या केंद्रात दोन्ही दिवस बेताचेच दिसतील. साडेआठच्या हिशेबाने तो एकच ८५ मिलिमीटरचा दिवस, आणि ६४.५ ओलांडले की खात्याच्या लेखी तो जोरदार पाऊस. मी साडेआठच ठेवलंय.

घड्याळ जुळूनही फरक उरतो तो जागेचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला सुमारे ७३, दोन्ही मुंबईच. आमच्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर, त्याला सांताक्रूझचा आकडा कितीसा लागू पडणार?

पाऊस नसतानाही मी आलेख उघडतो तो दाबासाठी. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला चढ, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला उतार. दोन-चार मिलिबारची ही लाट आपल्याकडे रोज येते, पण कॉम्प्युटर रात्री बंद ठेवणाऱ्याला ती अर्धीच दिसते.

आता खारघरला मेहुण्याकडे दुसरं केंद्र बसवायचंय, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. त्याचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाने दाखवतो आणि ही चिप फक्त २.४ वर बोलते. दोन्हींची नावं वेगळी करून ठेव म्हणून त्याला सांगितलंय. नरसाळं तयार आहे, सलाइनचा सेटही आणलाय.