निरंक

27 मे, रात्री

आज दिवसभर एक शब्द पिच्छा सोडत नाही, आणि तो माझ्या रोजच्या कामातला शब्द आहे याचेच मला अधिक वाईट वाटते. दर महिन्याच्या विवरणपत्रांत मी तो स्वतःच्या हाताने लिहिते, नव्याने रुजू झालेल्या मुलांना लिहायला शिकवते आणि कोणी रकाना मोकळा सोडला तर कागद परत पाठवते. ‘निरंक’, म्हणजे ‘काही नाही’, हे लिहायला तीन अक्षरे लागतात, आणि साहेबांची सही व्हायला तेवढी पुरतात. आज तोच शब्द दुसऱ्या कोणीतरी माझ्या नावापुढे लिहिला आणि मला तो वाचवेना.

दिवस गेलेले असताना रविवारी रात्री तपकिरी डाग दिसला, काल पुन्हा दिसला. माझ्या डॉक्टर मॅडमनी फोनवर ‘घाबरू नका, सोनोग्राफी करून मला दाखवा’ एवढेच सांगितले. माईंनी (सासूबाईंनी) स्कूटरवर बसायला साफ मनाई केल्यामुळे आम्ही सुभाषनगरहून मेट्रोने सीताबर्डीला गेलो आणि तिथे गाडी बदलून काँग्रेसनगरला उतरलो. पुढे धंतोलीतल्या खोदलेल्या रस्त्यावरून ऑटोने जे धक्के दिले, ते स्कूटरने खात्रीने दिले नसते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागूनही यंदा आभाळ भरलेलेच आहे, त्यामुळे ऊन नव्हते. पण दमट हवेत कूलर नुसताच घोंघावत होता आणि मी लिटरभर पाणी पिऊन, लघवी दाबून, बाकावर बसले होते. अशा अवस्थेत माणसाला फारसे मोठे विचार सुचत नाहीत, हे एक बरे असते.

गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीआधी भरावा लागणारा फॉर्म एफ काउंटरवरची मुलगी भरत होती. नाव, वय, पतीचे नाव, पत्ता, शेवटच्या पाळीची तारीख असे सगळे होईपर्यंत मी नीट उत्तरे देत होते. मग तिने मान वर न करता विचारले, “ताई, हयात मुलं किती?” मी म्हटले, “नाहीत.” “मुलगे?” “नाहीत.” “मुली?” मी गप्प राहिले. तिने समजून घेतले आणि दोन्ही रकान्यांत निळ्या शाईने, सुंदर अक्षरात लिहिले, निरंक, निरंक. माझा नवरा प्र. शेजारीच आधार कार्डांच्या झेरॉक्स हातात घेऊन उभा होता. त्याने तो शब्द वाचला की नाही हे मी त्याला विचारलेले नाही.

त्या मुलीचा काहीएक दोष नाही. तिचा प्रश्न हयात मुलांविषयी होता आणि उत्तर तेच होते. मुलीच होत असलेल्या घरांत पुढचा गर्भ मुलीचा निघाला तर काय होते, हे ठाऊक असल्यामुळेच 1994च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालच्या त्या फॉर्ममध्ये मुलगे आणि मुली वेगवेगळे विचारलेले असतात. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी होती, आणि खाली माझेही प्रतिज्ञापत्र होते की गर्भाचे लिंग जाणून घेण्याची माझी इच्छा नाही. सही करताना मनात आले की मला तर अजून फक्त ‘आहे का’ एवढेच जाणून घ्यायचे आहे, आणि त्यासाठी फॉर्मवर रकानाच नाही.

तरीही नोव्हेंबरचे काय, हा प्रश्न तिथून जो सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. नऊ आठवडे जे होते, ते कुठल्या रकान्यात जायचे? त्याविषयी मी कोणाशी बोलत नाही, आणि इथेही फार लिहिणार नाही. पण होते ते नाहीच, असे निळ्या शाईने लिहिलेले पाहिल्यावर मला त्या मुलीच्या हातून पेन काढून घ्यावेसे वाटले, हे मात्र खरे आहे.

आत काळोख होता आणि डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवलेला होता. आधी पोटावरून पाहिले, नीट दिसेना म्हणून मूत्राशय रिकामे करून यायला सांगितले आणि आतून पाहिले. म्हणजे ते लिटरभर पाणी फुकटच गेले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची सवयच नसेल, किंवा बोलण्यासारखे नसेल. त्या पाच मिनिटांत या दोहोंतला फरक कळायला कसलाच मार्ग नसतो. मग म्हणाले की गर्भाची पिशवी गर्भाशयातच आहे, तिच्यात गर्भाला सुरुवातीला पोसणारी योक सॅक दिसते आहे, पण गर्भ अजून दिसत नाही, म्हणून ठोक्याविषयी आज काही सांगता येणार नाही. पाळीच्या हिशेबाने सहा आठवडे चार दिवस भरतात, पिशवी मात्र साडेपाच आठवड्यांच्या आसपासची वाटते.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि मला धीर दिला असे म्हणता येणार नाही, पण घाबरवलेही नाही. माझी पाळी पस्तीस दिवसांची असते, त्यामुळे बीज उशिरा सुटले असणार आणि हिशेब आठवडाभर मागे असणे शक्य आहे. दहा दिवसांनी पुन्हा पाहिल्याशिवाय बरे किंवा वाईट काहीच बोलायचे नाही, कारण एका सोनोग्राफीवर घाईने निष्कर्ष काढू नये असाच नियम आहे. सुरुवातीला डाग पुष्कळ जणींना दिसतो आणि त्यांतल्या बहुतेकींचे पुढे सुरळीत होते. प्रोजेस्टेरॉनची गोळी लिहून दिली, फॉलिक ॲसिड चालूच ठेवायचे आहे. पडून राहू का, असे विचारल्यावर म्हणाल्या, “पडून राहिल्यानं काही थांबत नाही आणि चालल्यानं काही बिघडत नाही. ऑफिसला जा. रक्त जास्त गेलं किंवा पोटात एका बाजूला दुखलं तर मात्र रात्रीसुद्धा फोन करा.” हे माईंना सांगायचे धैर्य मला अजून झालेले नाही.

आठवड्यांच्या या हिशेबाचे मला मोठे नवल वाटते. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे 11 एप्रिलपासून, आणि त्या दिवशी माझ्या पोटात कोणीही नव्हते. पहिले दोन आठवडे, माझ्या बाबतीत कदाचित तीन, हे निव्वळ काहीच नसल्याचे आठवडे असतात आणि तरी ते हिशेबात धरले जातात. नोव्हेंबरचे नऊ आठवडे मात्र निरंक. जे नव्हते त्याची नोंद आणि जे होते त्याची नाही, असा लेखा आमच्या कार्यालयात कोणी सादर केला असता तर मी त्यावर लाल पेनने शेरा मारला असता. सुपारीएवढ्या गोष्टीचा डोंगर करून मी मेट्रोत सीताबर्डीपर्यंत रडत आले, प्र. खिडकीतून बाहेर पाहत होता आणि समोरच्या बाईंनी मला संत्र्याची गोळी दिली.

घरी आल्यावर मॅडमचा कागद पुन्हा उघडला. कोपऱ्यात, सकाळी माझ्या लक्षात न आलेले, त्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिले होते: जी 2, पी 0, ए 1. हे मला नोव्हेंबरपासून वाचता येते. दुसरी गर्भधारणा, प्रसूती नाही, गर्भपात एक. शब्द कठोर आहे, आपोआप झालेले आणि केलेले यांत तो भेद करत नाही, आणि एरवी मला त्याचा राग आला असता. आज मी त्या ‘एक’कडे बराच वेळ पाहत बसले. कोणीतरी मोजले आहे. पिवळ्या कागदावर, पेन नीट चालत नसताना, पण मोजले आहे.

आणि मग त्या मुलीविषयीचा रागही ओसरला, कारण रकाना मोकळा का सोडू नये हे मीच मुलांना सांगत असते: मोकळा रकाना म्हणजे कोणी विचारलेच नाही, आणि निरंक म्हणजे विचारले, पाहिले, आज नाही. तिने मला विचारले तरी. माझ्या सासरच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात नोव्हेंबरचा रकाना सगळ्यांनी मोकळाच सोडलेला आहे. (माई सोडून. पण त्यांचे निराळे आहे, त्यांच्या वेळी जे झाले ते त्यांनी मला एकदाच, भाजी निवडताना, सांगितले होते.)

आता सध्याची स्थिती आमच्या भाषेत लिहायची तर ‘प्रकरण प्रलंबित’ अशी आहे. प्रलंबित प्रकरणांची मला वीस वर्षांची सवय आहे. कपाट भरून आहेत, आणि एकाही प्रकरणासाठी मी कधी मेट्रोत रडले नाही. उद्या रजा वाढवायची नाही असे ठरवले आहे. आजच्या अर्जावर प्रकार ‘किरकोळ’ आणि कारण ‘वैयक्तिक’ असे मीच लिहिले होते. पाठवल्यावर वाचले तेव्हा हसू आले, पण शासनाकडे याहून नेमका प्रकार उपलब्ध नाही.

मे महिन्याचे सगळे फॉर्म एफ त्या केंद्राला 5 जूनच्या आत वर पाठवावे लागतात, तशी त्यांच्या नियमांतच तारीख आहे; म्हणजे माझे दोन निरंक 5 जूनपर्यंत पोहोचतील, आणि मला बोलावले आहे 6 जूनला. एक दिवसाने हुकले. पण त्या दिवशी ठोका ऐकू आला तरी हयात मुलांच्या रकान्यात काही बदलणार नाही, तेही मला कळते. ती मुलगी पुन्हा विचारील, मी पुन्हा सांगेन. जाताना ती म्हणाली होती, “पुढच्या वेळी नऊलाच या नं ताई, पहिला नंबर लावून देते.”

रात्री माईंनी कालनिर्णय काढून 6 तारीख पाहिली आणि गप्प झाल्या. निर्जला एकादशी आहे. मी म्हटले, “माई, मला तर सकाळीच लिटरभर पाणी प्यायला लावतील, पोटावरून पाहायचे असते.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, “मी राहते नं निर्जळी. माझ्या वाटचं पाणी तू पिऊन घे.”