नवा बेल्ट, 14 अंशांचा घोळ आणि खोटी खूण

इंजिन: चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर थेट कॅमच्या टोकावर. क्रँकवरून (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) कॅम फिरवणारा टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप बदलून झाले. क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पाहिला, कुठेही अडकला नाही. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली आणि आयडलही बरं होतं.

मग टायमिंग लाइट लावला: ठिणगी पडते त्या क्षणी तो चमकतो आणि क्रँकच्या पुलीवरची खूण तेव्हा किती अंशांवर आहे ते दिसतं. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी मागच्या वेळचा रंगाचा ठिपका जागच्या जागी, म्हणजे तो हललेला नाही. तेव्हा ठिणगी टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) 10 अंश आधी लावली होती. आता लाइट 24 दाखवत होता.

पहिला संशय अर्थातच बेल्ट बसवताना दात चुकल्याचा. माझ्या इंजिनात क्रँकच्या गिअरला 20 दात आणि कॅमच्या गिअरला 40. एक दात सरकला की कॅम 9 अंश फिरतो, क्रँकच्या हिशेबात 18. डिस्ट्रिब्युटर कॅमवर असल्यामुळे ठिणगीही तेवढीच सरकते. फरक मात्र 14 चा होता. दात अर्धा-पाऊण सरकत नाही, सरकला तर पूर्ण सरकतो. जुना ताणलेला बेल्ट जाऊन नवा आला की टायमिंग एक-दोन अंश पुढे येतं हे मान्य, पण तेवढ्याने 14 होत नाहीत. लाइट डोळ्यांनी वाचताना तीन-चार अंशांचा गोंधळ होऊ शकतो, त्यामुळे दाताचा संशय पूर्ण सोडलाही नव्हता.

प्रयोग म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवून लाइटवर 10 आणले. गाडी मरगळली! पिकअप गेला आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड लवकर तापायला लागला. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारा, जास्त म्हणजे चांगलं) 15 इंचांवर स्थिर. डिस्ट्रिब्युटर परत ठिपक्यावर आणला की गेज 19 वर आणि आवाजही गोड. लाइट ज्याला चूक म्हणतो तिथे इंजिन खूश, आणि ज्याला बरोबर म्हणतो तिथे नाखूश. इथेच दिशा बदलायला हवी होती, पण मला बेल्टकडेही बघायचं होतं.

वरचं कव्हर काढलं. क्रँकची बाहेरची पुली शून्यावर आणली तर कॅमची खूण हेडवरच्या खाचेच्या पुढे गेलेली, जवळजवळ एक दात. आता लाइटही म्हणतोय कॅम पुढे आहे आणि खूणही तेच म्हणतेय. भलेभले इथे बेल्ट सैल करून दात मागे घेतात. पण हे दोन साक्षीदार एकाच वकिलाने पढवलेले होते: लाइट पुलीच्या खुणेवर मारायचा आणि कॅम तपासायचा तोही पुली त्याच खुणेवर आणून. पुलीच खोटं बोलत असेल तर दोन्ही पुरावे एकदम बाद.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद. चारही सिलिंडर सारखे आणि चांगले. यातून फार काही सिद्ध होत नाही. कॅम मागे पडला तर इन्टेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि सगळ्यांचं कॉम्प्रेशन सारखंच उतरतं. कॅम पुढे असेल तर उलट थोडं चढूही शकतं. म्हणजे कॅम मागे नाही, एवढंच कळलं.

शेवटी पिस्टनलाच विचारलं. चारही प्लग काढले, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा तुकडा) बसवला. क्रँक हळूच पुढे फिरवला, पिस्टन टेकला तिथे इंजिनावरच्या स्थिर पॉइंटरसमोर पुलीवर खूण. मग उलटा फिरवून दुसऱ्या बाजूने टेकला तिथे दुसरी खूण. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप. स्क्रूड्रायव्हर घालून अंदाजाने टॉप शोधू नका, वर पिस्टन काही अंश जवळजवळ थांबलेलाच असतो आणि अंदाज हमखास चुकतो. उलटं फिरवताना जोर लावायचा नाही, कारण स्प्रिंगच्या टेन्शनरवर बेल्ट उलट ताण घेतो. नंतर स्टॉप काढून दोन फेऱ्या सरळ फिरवून खुणा पुन्हा पाहायच्या.

खरा टॉप निघाला छापील खुणेपासून 18 मिलिमीटरवर. पुलीचा व्यास 150 मिलिमीटर, म्हणजे एका अंशाला साधारण 1.3. हिशेब केला, जवळजवळ 14 अंश. क्रँक खऱ्या टॉपवर ठेवून वर पाहिलं तर कॅमची खूण खाचेसमोर अचूक.

कारण पुली काढल्यावर दिसलं. ती दोन भागांची असते: आतला हब, बाहेरची कडी आणि मध्ये कंपन शोषणारं रबर. रबर हबपासून सुटलं होतं. अल्टरनेटरच्या बेल्टचा ओढा कडीवर येतो, त्यामुळे ती फिरण्याच्या उलट दिशेला सरकत गेली आणि खूणही तिच्यासोबत मागे राहिली. खूण उशिरा येते म्हणून ठिणगी लवकर पडल्यासारखी दिसते. हबला क्रँकवर जागच्या जागी धरणारी चावी आणि तिची खाच शाबूत. आतल्या गिअरची खूण ऑइल पंपाच्या बाणासमोर होतीच.

तेव्हा त्या लाइटवर भरवसा ठेवून दात सरकवला असता तर चांगला बसलेला बेल्ट 18 अंश मागे गेला असता आणि वर मी पिकअपसाठी कार्ब्युरेटर उघडत बसलो असतो.

पुली नवी बसवली, लाइटवर पुन्हा 10, गेज 19. एक गोष्ट राहिलीय. इंजिन तापल्यावर बेल्टच्या बाजूने बारीक शिट्टी येते, थंडीत येत नाही. ॲल्युमिनियमचं हेड तापून फुगतं, दोन गिअरमधलं अंतर वाढतं आणि बेल्ट आणखी ताणतो, त्यामुळे ताण जास्त असावा असं वाटतं. टेन्शनरचा बोल्ट पूर्ण थंड इंजिनावर सैल करून, हाताने काही न दाबता स्प्रिंगला स्वतःच ताण घेऊ देणार आहे. तोपर्यंत वरचं कव्हर दोनच बोल्टवर.