तुम्ही विचारलंत म्हणून: लूप न लावता ‘पाणी’ मोजणं

“फॉर लूप लावला तर बिघडलं कुठे?” आर ही प्रोग्रामिंग भाषा शिकणारं कोणीही मला हे हमखास विचारतं, म्हणजे मजकुराच्या हजारो ओळी आहेत, प्रत्येकीत एखादा शब्द किती वेळा आलाय ते मोजायचंय, मग लूप फिरवला (तीच कृती दर ओळीवर पुन्हा पुन्हा), आकडे जमवले, झालं की!

खरं सांगू, बिघडत काहीच नाही. लूप स्लो असतो हे अर्धंच खरं, 2017 साली आर 3.4.0 आलं तेव्हापासून लूप आपोआप बाइटकोडमध्ये, म्हणजे आरला झटपट चालवता येईल अशा रूपात, कंपाइल होतात. कोड रखडतो तो बहुतेकदा दर फेरीला ‘सी’ या आकडे जोडून यादी करणाऱ्या फंक्शनने जुन्या यादीला एक आकडा चिकटवल्यामुळे, कारण त्यात दर वेळी अख्खी यादी नव्याने कॉपी होते. यादीची जागा आधीच करून ठेवा, बराच फरक पडेल.

मी लूप टाळतो कारण मला तो कितवी फेरी चालू आहे ते सांगणारा ‘आय’ सांभाळायचा कंटाळा येतो. तीन ओळी दिल्या की तीन आकडे परत यावेत, एवढंच माझं मागणं.

पण तिथेही एकदा तोंडावर आपटलोय. सोसायटीच्या तक्रारींची फाइल होती. नमुन्याला तीन ओळी घ्या: ‘पाणी आलं नाही, पाणी कधी येणार’, ‘लाईट गेली’, ‘पाणी गढूळ’. उत्तर हवं 2, 0, 1. मी जी-रेगएक्सपरवर (दर ओळीत शब्द कुठे कुठे आला त्या जागांचे आकडे देणारं फंक्शन) थेट लेंग्थ्स (दर ओळीसाठी असे किती आकडे ते मोजणारं) लावलं आणि आलं 2, 1, 1! लाईटच्या तक्रारीत पाणी कुठून आलं? तर मॅच नसेल तिथे जी-रेगएक्सपर रिकामं काही देत नाही, उणे एक देतं, आणि उणे एक हाही मोजायला एक आकडाच की. मधे रेगमॅचेस (सापडलेले शब्दच काढून देणारं) घातलं की शून्य जागेवर येतं. स्ट्रिंगआर पॅकेजचं एसटीआर-काउंट वापरलंत तर ही भानगडच नाही, मी आता तेच वापरतो.

अजून एक गंमत. ‘काकाकाका’मध्ये ‘काका’ किती? एसटीआर-काउंट म्हणतं 2, कारण एकदा वापरलेलं अक्षर ते परत घेत नाही. डायलॉग एपीएल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतलं फाइंड चिन्ह मात्र जिथे जिथे ‘काका’ सुरू होतो तिथे 1 आणि बाकी सगळीकडे 0 ठेवतं, त्यांची बेरीज केली की 3. दोन्ही बरोबर, तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा.

आणि मराठीत मोजताय तर ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ हे ‘पाणी’त सापडत नाहीत. नुसतं ‘पाण’ शोधलं तर पाणउतारापण आत येतो. शेवटी ‘पाणी’ आणि ‘पाण्य’ यांच्यामध्ये ‘किंवा’ या अर्थाची उभी रेघ टाकली. गेटवरच्या पाणीपुरीवाल्याची एक तक्रार मात्र अजून पाणीटंचाईतच मोजली जातेय.