आमची वाटचाल : पेट्रोल पिकअप आणि डिझेल इंजिन

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचे एकच लेथ होते आणि त्यावर शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांची कामे होत. पुढे मी हाताशी आलो, तेव्हा एका दूधसंकलन करणाऱ्या गृहस्थांनी आपली महिंद्राची जुनी एफसी-१५० पिकअप दारात आणून उभी केली. तिचे २१९९ सीसीचे हरिकेन पेट्रोल इंजिन धडधाकट होते, परंतु रोजच्या फेऱ्यांचा पेट्रोलखर्च त्यांना झेपत नव्हता. डिझेल त्या काळी पुष्कळ स्वस्त असल्याने त्यांनी प्यूजोच्या बनावटीचे २११२ सीसीचे एक्सडीपी इंजिन जुन्या बाजारातून आधीच घेऊन ठेवले होते आणि ते बसवून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. आमच्या व्यवसायाची सुरुवात त्या गाडीने झाली, आणि ती फारशी गौरवास्पद नव्हती.

इंजिन चेनपुलीने खाली सोडून फाउंडेशनवर बसवणे हे एका दिवसाचे काम असते. खरे काम त्याच्या भोवतीचे असते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घालायची अडॅप्टर प्लेट आम्ही लेथवर केली, पण तिचे केंद्र क्रँकच्या केंद्राशी जुळते का, हे डोळ्यांनीच पाहिले. महिन्याभरात गिअरबॉक्सच्या पहिल्या शाफ्टचे बेअरिंग आवाज करू लागले. सगळे खोलून डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापयंत्र लावले, तेव्हा वीस थाऊंचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. दुरुस्तीचे पैसे आम्ही घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून सहा थाऊंच्या वर फरक असलेली प्लेट गाडीवर चढली नाही.

त्याच गाडीने आणखी दोन गोष्टी शिकवल्या. पेट्रोल इंजिन किल्ली फिरवली की बंद पडते. या डिझेल इंजिनाचा इंधनपंप मात्र किल्लीला जुमानत नाही, त्याला इंधन तोडणारी स्टॉप वायर लागते. ती ओढायची असते हे सांगायचे आम्ही विसरलो आणि मालक रात्री घाईघाईने परत आले : “किल्ली काढून खिशात टाकली, तरी गाडी थांबंना!” दुसरी गोष्ट टाकीची. पंप आणि इंधन फवारणाऱ्या नोझलमधून परतणारे डिझेल टाकीत नेण्यासाठी वेगळी नळी लागते, आणि पेट्रोलच्या टाकीला तसे तोंडच नसते. म्हणून टाकी उतरवून, धुऊन, त्यात पाणी भरूनच तोंड बसवावे लागे. (पाणी न भरता पेट्रोलच्या टाकीला झाळणी लावणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत.)

पुढे २५२३ सीसीची डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) इंजिने येऊ लागली, तेव्हा प्रश्न वेगाचा आला. आमच्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत चाकांना गती देणाऱ्या अॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीत मोठ्या चाकाला, म्हणजे क्राउनला ४३ आणि लहान चाकाला, म्हणजे पिनियनला ८ दात असत. संथ फिरणाऱ्या या इंजिनाला मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर, सोळा इंची चाकावर, त्या जोडीने ताशी जेमतेम ७५ किलोमीटर मिळत आणि इंजिन ओरडत असे. ३९ आणि ८ दातांची जोडी घातल्यावर त्याच फेऱ्यांत गाडी ८३-८४ ने जाई. वजन वाढल्यामुळे पुढच्या पाट्यात (पानांच्या स्प्रिंगमध्ये) एक पान जास्त घालावे लागे, तेही आम्ही दरपत्रकात आधीच लिहू लागलो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्याला मर्यादा आल्या. आम्ही तशी कामे घेणे थांबवले. उत्पन्न बरेच घटले, आणि काही जुने गिऱ्हाईक अजूनही रागावून आहेत. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यावर तशीही डिझेल इंजिन बसवून घेण्याची ती ओढ ओसरली.

आता आम्ही त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिनच बदलून देतो, आणि नोंदणी कार्यालयाची परवानगी हाती आल्याशिवाय नटाला पाना लावत नाही. इंजिनाचे खरेदीबिल नसेल तर गाडी परत पाठवतो. नव्या इंजिनाचा क्रमांक घासून स्वच्छ करायचा, त्यावर पेन्सिलीचा ठसा घ्यायचा आणि सेलोटेपने तो कागदावर चिकटवायचा, हे काम माझा धाकटा मुलगा करतो. १९९० च्या आधीच्या एकाही गाडीचा असा कागद आमच्याकडे नाही. २००० नंतरच्या प्रत्येकीचा आहे, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, वर्षवार बांधून ठेवलेला.