95वा तास की 97वा?

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात झाडी दाट आहे आणि विजेच्या तारा बहुतेक ठिकाणी खांबांवरूनच जातात. वादळ आलं की आधी झाड पडतं आणि पडताना तार घेऊन जातं. 4 ऑगस्ट 2020 ला 'इसायस' वादळ आलं, तेव्हा राज्यातल्या 7 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. शेवटच्या घरांत ती यायला आठवडा उलटून गेला. लोक इतके संतापले की त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला. मोठ्या वादळानंतर सलग 96 तासांपेक्षा जास्त वेळ वीज नसेल, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे 25 डॉलर ग्राहकाच्या बिलात जमा करायचे. नासलेलं अन्न आणि औषधं यांचे 250 डॉलर वेगळे.

एका वीज कंपनीला अशा वादळानंतरच्या चौकशीसाठी तयार करणाऱ्या गटात मी काम करते. राज्याचा नियामक आयोग लेखी प्रश्न पाठवतो, आणि ते अगदी मुळाशी जाणारे असतात. बाहेरच्या राज्यांतून लाइनमनच्या तुकड्या कधी मागवल्या? रस्त्यावर पडलेल्या तारेजवळ अग्निशमन दलाला किती वेळ थांबावं लागलं? घरी श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांना आधी कळवलं होतं का? प्रत्येक उत्तराखाली जबाबदार अधिकाऱ्याचं नाव असतं, आणि सुनावणीत शपथेवर त्याची उलटतपासणी होते.

पण आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो एकाच गोष्टीत: वीज नक्की कधी गेली आणि नक्की कधी आली.

ऐकायला सोपं वाटतं. तक्रारी येऊ लागल्या की कंपनीची संगणक प्रणाली अंदाज बांधते, की या सगळ्या घरांना जोडणारा अमुक फ्यूज किंवा तमुक ट्रान्सफॉर्मर गेला असावा. दुरुस्ती झाली की तुकडीने काम संपल्याची नोंद करायची. आता सोळा-सोळा तास पावसात खांबावर चढणारा माणूस प्रत्येक नोंद त्या क्षणी करेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो पाळी संपल्यावर पाच कामं एकदम बंद करतो, आणि पाचही ठिकाणी एकच वेळ पडते. जिथे स्मार्ट मीटर आहेत तिथे मीटरचा वीज जाताना आणि येताना आलेला संदेश ताडून पाहता येतो. जिथे नाहीत तिथे फोनच्या नोंदी, वाहनांचं जीपीएस, तुकडीचे कागद असं एकेक जुळवत बसावं लागतं.

याहून वाईट प्रकार वेगळाच. फीडर (एका भागातल्या अनेक घरांना वीज पोचवणारी मुख्य वाहिनी) चालू होतो आणि प्रणाली त्यावरची सगळी घरं 'वीज आली' म्हणून धरते. त्यातल्या एका घराकडे जाणारी तार मात्र फांदीखाली तुटलेली असते. घरातली बाई पुन्हा फोन करते, नवी तक्रार नोंदवली जाते, आणि तिचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. चार दिवसांहून जास्त अंधारात असलेलं घर कागदावर दोन छोट्या खंडांत विभागलं जातं. भरपाई शून्य. अशा जोड्या शोधून एकत्र करणं हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

दुरुस्ती करताना मूळ नोंद पुसायची नाही, यावर मी अडून बसते. जुनी वेळ तशीच ठेवायची. शेजारी नवी वेळ, ती कोणी बदलली, कधी आणि कशाच्या आधारावर. आधार सापडत नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. ऑडिट जवळ आलं की तक्ता गुळगुळीत करण्याचा मोह होतो. पण एकही रिकामी जागा नसलेला वादळाचा तक्ता पाहून अनुभवी तपासनीसाला पहिली शंका येते.

वार्षिक सरासऱ्यांनी हे प्रश्न झाकले जातात, तेही सांगायला हवं. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या, इथे प्रचलित असलेल्या 1366 क्रमांकाच्या मानकानुसार मागच्या पाच वर्षांच्या आकड्यांवरून एक मर्यादा काढतात, आणि ती ओलांडणारे दिवस 'मोठ्या आपत्तीचे' म्हणून बाजूला काढून मोजतात. 2020 मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ग्राहकाची वीज आठ तासांहून थोडी जास्त गेली होती; आपत्तीचे दिवस वगळले की उरतात जेमतेम दोन. पद्धत योग्यच आहे, कारण रोजची देखभाल आणि वादळ एका मापाने मोजता येत नाही. म्हणूनच वगळलेल्या दिवसांचा हिशेब आयोग स्वतंत्रपणे मागतो.

महाराष्ट्रातही वीज नियामक आयोगाच्या नियमांत पुरवठा वेळेत सुरू न झाल्यास भरपाईची तरतूद आहे. तेव्हा लाइट गेली की तक्रार नोंदवा, क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा, आणि शेजाऱ्यांची आली पण तुमची नाही आली तर नव्या तक्रारीत जुना क्रमांक आवर्जून सांगा.

सध्या आम्ही कंपनीकडे एका बदलासाठी आग्रह धरला आहे. फीडर चालू झाला की त्यावरच्या प्रत्येक घराला आपोआप फोन किंवा संदेश जावा, 'वीज आली का?' असं विचारणारा. उत्तर 'नाही' आलं तर जुनी तक्रार तिच्या पहिल्या वेळेसकट उघडीच राहावी.