दिवा नवा, अर्थ जुना

जुन्या थारला, जिप्सीला किंवा महिंद्राच्या एमएम ५४० जीपला मागे एलईडी दिवे बसवायचे असतील, तर नवा दिवा खोक्यातून काढायच्या आधी जुना बल्ब जागेवर असतानाच अर्थ, म्हणजे दिव्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारा जोड, तपासून घ्या. बल्ब एकदा काढला की ही तपासणी नीट होत नाही.

कारण साधं आहे. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपियरच्या आसपास ओढतो. अर्थच्या जोडात एक ओहमचा जरी अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच खाल्ला जातो आणि बल्ब डोळ्यांना मंद दिसतो. म्हणजे तो तक्रार करतो. एलईडी ओढतो जेमतेम पाव अँपियर, त्यामुळे त्याच गंजलेल्या जोडावर तो झकास पेटतो. मग जुलैत बामणोलीच्या रस्त्यावर तो जोड पूर्ण तुटतो आणि सगळा दिवा एकदम जातो.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. बॅटरी पुढे, दिवा मागे, म्हणून काळ्या पिनला चारेक मीटर वायर जोडून ती बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. लाल पिन दिव्याच्या होल्डरच्या अर्थवर. पार्किंग चालू करा आणि ब्रेक दाबा. मदतीला कोणी नसेल तर सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असला तर चांगलं. ०.५ च्या वर गेला तर आधी अर्थ दुरुस्त करा. बऱ्याच जुन्या गाड्यांत दिवा ज्या बोल्टवर बसतो, तोच बोल्ट अर्थ असतो. वर रंगाचे तीन हात आणि खाली गंज, मग करंट जाणार कुठून? दोन्ही दिव्यांपासून १ चौरस मिमीची वेगळी काळी वायर काढून चॅसीवर एकाच जागी घ्या. तिथला रंग खरवडून लखलखीत पत्रा उघडा करा, वायरच्या टोकाला दाबलेला लग, दातेरी वॉशर, नट, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस.

आता दिवा. जुन्याच डब्यात एलईडी बल्ब टाकायचा की अख्खा दिवाच बदलायचा? आमचं मत अख्ख्या दिव्याच्या बाजूने. जुना रिफ्लेक्टर, म्हणजे डब्याच्या आतली चकचकीत वाटी, फिलामेंटच्या एका बिंदूसाठी बनलेला असतो. एलईडी बल्बचा उजेड त्यात कुठेतरी ठिपक्यासारखा पडतो, कुठेतरी पडतच नाही. तरी बल्बच टाकायचा असेल तर पी२१/५डब्ल्यू जातीचा घ्या: दोन काँटॅक्ट, आणि बाजूच्या दोन पिना कमी-जास्त उंचीवर. लाल काचेमागे लालच एलईडी. पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाश मुळात कमी, त्यामुळे काच बराचसा उजेड अडवते आणि उरतो फिकट गुलाबी. पण एका दिव्याच्या बुडाला नंबरप्लेटसाठी पांढरी काच असेल, तर लाल बल्बने प्लेटही लाल दिसेल. तिथे प्लेटला वेगळा पांढरा दिवा द्या. नव्या दिव्यात लाल रिफ्लेक्टर नसेल तर तोही वेगळा लावा. बंद पडलेली गाडी रात्री त्यावरच दिसते.

वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मधल्या मालकांनी काय केलंय ते कळत नाही. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक वायर ओळखा आणि चिकटपट्टीवर लिहा. पार्किंग आणि ब्रेक उलटे जोडले गेले, तर पार्किंगलाच दिवा पूर्ण पेटतो आणि ब्रेक दाबल्यावर मागच्याला काहीच फरक दिसत नाही. वायर न कापता चावा घेणारे टॅप कनेक्टर वापरू नका. त्यात पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत वायरी घालून पकडीने दाबा, वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी.

सगळं जोडलं की इंडिकेटर भराभर फडफडायला लागतो. एलईडी इतका कमी करंट ओढतो, की फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, वाटतं बल्ब उडाला. जुना फ्लॅशर काढून एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला. तो बहुधा तीन पिनांचा असतो: ४९ ला सप्लाय, ४९ए ला आउटपुट, ३१ ला अर्थ, काहींवर बी, एल, ई. पिनांची जागा जुन्याशी जुळते का ते आधी पाहा. गती मिनिटाला ६० ते १२० हवी, घड्याळ लावून मोजा. ज्या गाडीत फ्लॅशर वेगळा नसून कंट्रोल युनिटमध्येच असतो, तिथेच ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर लावा, इंडिकेटरची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये. १३.८ व्होल्टवर तो पेटत्या वेळी ३२ वॅट उष्णता टाकतो. प्लास्टिकला किंवा वायरिंगला बांधला तर वितळवतो. पत्र्यावर स्क्रूने बसवा.

मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा असेल तर आणखी एक गंमत होते: डावा दाबला की चारही लुकलुकतात. त्या दिव्याला अर्थ पलीकडच्या बल्बमधून मिळत असतो. उपाय दोन १एन४००७ डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे तुकडे: एक डाव्या, एक उजव्या वायरवर, पट्ट्याची टोकं एकत्र करून हिरव्या दिव्याला, आणि दिव्याचं दुसरं टोक थेट अर्थला.

सिलिकॉन चारी बाजूंनी थापू नका. गरम दिवा ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी ओढून घेते. बुडाचं भोक बंद असेल तर ते बाहेर पडत नाही. एलईडी फारसा तापत नाही, त्यामुळे आतली ओल आपोआप वाळतही नाही. बाहेरच्या चिखलाचंही तेच. कासच्या लाल मातीचा थर काचेवर तसाच राहतो, म्हणून यवतेश्वरच्या घाटातल्या धुक्यात उतरण्याआधी गाडी थांबवून फडकं मारा.