घर हललं, आता नकाशा हलवायचा

रविवार, रात्री उशिरा

ठाण्यातल्या नौपाड्याची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. गॅस, बँक, कुरिअर, सगळीकडे नवा पत्ता देऊन झाला. राहिलं होतं होम असिस्टंट, म्हणजे घरातले दिवे-गीझर आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर. घरी कोण आहे हे ते फोनच्या लोकेशनवरून ओळखतं. त्याच्या लेखी आम्ही अजून नौपाड्यातच. सगळे हॉलमध्ये बसलेलो असलो तरी ते समजणार घर रिकामं आहे, मालवा दिवे.

त्याचे झोन म्हणजे नकाशावरची वर्तुळं. मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश आणि मीटरमधली त्रिज्या, बस. सेटिंगमध्ये जाऊन बोटाने सरकवता येतात. पण मला आधी जुने आकडे जपून ठेवायचे होते आणि मग सगळे झोन एका दमात बदलायचे होते, म्हणून एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने सिस्टीमशी बोलायची वाट. इथे एक गंमत आहे. रेस्ट एपीआयने, म्हणजे एकेक सुटी विनंती पाठवून, झोनची स्टेट (त्या क्षणीची नोंद) बदलली तर उत्तर छान येतं, नकाशावर वर्तुळ सरकतंसुद्धा, पण तो वरवरचा रंग. सिस्टीम रीस्टार्ट झाली की वर्तुळ मूळ जागी. जे टिकायला हवं ते वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून पाठवायचं. टोकन (गुप्त किल्ली) देऊन ओळख पटवायची, ‘झोन/लिस्ट’ने यादी मागायची, त्यातला आयडी घेऊन ‘झोन/अपडेट’ करायचं. प्रत्येक निरोपाला आधीच्यापेक्षा मोठा क्रमांक लागतो. ‘होम’ मात्र या रांगेत बसत नाही. ते मूळ सेटिंगमधून येतं, त्याला ‘सेट लोकेशन’ची वेगळी वाट. घर हललं की सूर्योदय-सूर्यास्तही त्याच जागेवरून मोजले जातात. नौपाडा ते इथे फरक काही सेकंदांचा, पण मोजला जातो याचं मला उगाच बरं वाटलं.

आकडे भरताना अक्षांश आधी. आमचे साधारण १९.२ आणि ७२.९. उलटे पडले तर घर थेट नॉर्वेच्या वर, थंडगार समुद्रात. दशांशानंतर चार आकडे पुरतात, चौथ्या आकड्याला जेमतेम ११ मीटर. त्यापुढचे आकडे फोनच्या जीपीएसला तरी कुठे झेपतात.

खरी डोकेफोड त्रिज्येची. न सांगितल्यास १०० मीटर धरली जाते. नौपाड्यात ती चालून गेली, फक्त समोरच्या बिल्डिंगमध्ये आई मैत्रिणींकडे गेल्या तरी त्या ‘घरी’च असत. इथे तसं नाही. टॉवर रस्त्याला लागून, त्यामुळे १०० मीटरच्या वर्तुळात सर्व्हिस रोड, मेट्रो ४चे खांब आणि घोडबंदर रोडची एक बाजू सगळंच येतं. संध्याकाळी सात वाजता माणूस सिग्नलला अडकलेला असतो आणि घर गीझर लावून मोकळं होतं. पाणी उकळून पुन्हा गार झालं तरी माणसाचा पत्ता नाही. वर्तुळ लहान केलं तर फोन गोंधळतो. अँड्रॉइडला जिओफेन्स, म्हणजे असंच वर्तुळ, १००-१५० मीटरच्या खाली नेऊ नका असं सांगितलेलंच आहे, आणि टॉवरच्या भिंतींवर आपटून सिग्नल भलतीकडे दाखवतो ते वेगळंच. शिवाय वर्तुळाला मजले नसतात. तळघरातलं पार्किंग आणि सतरावा मजला त्याला सारखेच.

म्हणून ‘होम’ १०० वरच ठेवलं आणि गीझरला झोनवरून काढून घरच्या वायफायला बांधलं. फोन राऊटरला जोडला गेला की माणूस आला. माझं मत असं झालंय की झोन मोठे आणि मोजके असावेत, बारीक काम त्यांच्याकडून करून घेऊ नये.

मोजके ठेवायला बसले तर वाद निघाला नौपाड्यावरून. माझ्या मते तो झोन आता काढून टाकायचा. पण आईंचे डॉक्टर तिथे, भजनी मंडळ तिथे, आठवड्यातून दोनदा तरी त्या जातात. चिरंजीवांनी परस्पर ‘आजी नौपाड्यात पोहोचली’ असं नोटिफिकेशन लावून ठेवलेलं. ते टीव्हीवर झळकलं नेमकं पाहुणे बसलेले असताना. आई घरी आल्यावर म्हणाल्या, “मी कुठे जाते ते भिंतीवर लिहून ठेवायचं काय कारण?”

बरोबरच होतं त्यांचं. झोन ठेवला, पण ‘पॅसिव्ह’ केला. आता आई तिथे असल्या तरी नकाशाच्या पानावर नुसतं ‘बाहेर’ दिसतं, नौपाडा हे नाव येत नाही. मागे ऑटोमेशन मात्र चालतं. ते एकच ठेवलंय: अंधार पडल्यावर त्या तिथून निघाल्या तर फक्त माझ्या फोनवर निरोप. रात्री घोडबंदरला यायला रिक्षावाले नाही म्हणतात, तेवढ्यापुरतं त्यांना मान्य. टीव्हीचं नोटिफिकेशन चिरंजीवांकडूनच काढून घेतलं, थोडी कुरकुर झाली.

आईंची उलटतपासणी संपली नव्हती. “आणि तू ऑफिसातून कधी निघतेस ते मला कोण सांगतं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऐरोलीच्या ऑफिसचा झोन होताच, माझ्या एसीसाठी. त्याची त्रिज्या ३०० केली, नाहीतर कॅन्टीनपर्यंत गेले तरी ‘निघाली’ म्हणून ओरडेल. मी तो झोन सोडला की आईंच्या फोनवर मराठीत निरोप जाईल. मजकूर त्यांनीच सांगितला: “निघाली. अजून कुकर लावू नका.” ‘अजून’ का, तर वाटेतला माजिवडा पार होईपर्यंत लावण्यात अर्थ नाही म्हणे. मग माजिवड्याचा वेगळा झोन हवा, हेही लगेच आलं. मोजके झोन ठेवायचे ठरवून बसलेली मी, ‘झोन/क्रिएट’ टाइप करत होते.